व्याख्यानबंदी आणि भाषेचा प्रश्न : अल्जीरिया, १९८०

वसाहतोत्तर साहित्याच्या चर्चेत अल्जीरियाचा विचार बहुधा फ्रेंच आणि अरबी या दोन भाषांच्या द्वंद्वातून केला जातो. एक वासाहतिक सत्तेची भाषा, तर दुसरी स्वतंत्र राष्ट्राची. या मांडणीत तिसऱ्या भाषेला, विशेषतः मौखिक परंपरेतून टिकून राहिलेल्या भाषेला, स्थान उरत नाही. १९८० मधील घटनाक्रमाने ही उणीव उघड केली, आणि त्याचे निमित्त ठरले प्राचीन कवितेवरील एक व्याख्यान.

१९६२ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यानंतर अल्जीरियाच्या एकपक्षीय राजवटीने अरबीकरणाचे धोरण स्वीकारले. फ्रेंच भाषेचे वर्चस्व संपविणे हा त्यामागील उद्देश समजण्याजोगा होता. परंतु त्याच धोरणात तमाझिग्त भाषासमूह आणि दैनंदिन व्यवहारातील बोली अरबी हे दोन्ही उपेक्षित राहिले. तमाझिग्त भाषिकांसाठी रूढ असलेल्या ‘बर्बर’ या नावाचा मराठी वाचकाला परिचित असलेला अर्थ अवहेलनेचाच आहे. हे लोक स्वतःला ‘अमाझिग’ म्हणवतात. ‘स्वतंत्र मनुष्य’ असा त्याचा अर्थ सामान्यतः दिला जातो. राष्ट्राध्यक्ष हुआरी बूमेदिएन यांचे डिसेंबर १९७८ मध्ये निधन झाले आणि शादली बेंजेदीद सत्तेवर आले. भाषाधोरणाची दिशा मात्र बदलली नाही.

मुलूद मामेरी हे फ्रेंचमध्ये लिहिणारे कादंबरीकार आणि मानववंशशास्त्रज्ञ. कबाइल ही त्यांची मातृभाषा. त्यांचा प्राचीन कबाइल कवितांचा द्वैभाषिक संग्रह १९८० मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाला. त्याच विषयावर १० मार्च रोजी तिझी उझू येथील विद्यापीठात होणाऱ्या त्यांच्या व्याख्यानावर प्रशासनाने बंदी घातली. विद्यार्थ्यांनी निषेध केला, विद्यापीठ ताब्यात घेतले. ७ एप्रिल रोजी राजधानीत निदर्शने झाली आणि १६ एप्रिल रोजी कबाइल प्रदेशात सार्वत्रिक संप झाला. २० एप्रिलच्या पहाटे सुरक्षा दलांनी विद्यापीठ, रुग्णालय आणि कारखान्यात बळाने प्रवेश केला. अटक झालेल्यांपैकी २४ जणांवर राज्यसुरक्षा न्यायालयात खटला भरण्याची तयारी झाली. जूनअखेरीस त्यांची सुटका झाली. हा घटनाक्रम ‘बर्बर वसंत’ म्हणून ओळखला जातो.

कवितासंग्रहाविषयीच्या व्याख्यानाची सत्तेला एवढी धास्ती का वाटावी? त्याचे उत्तर ‘प्राचीन’ या विशेषणात शोधता येते. लोकगीत म्हणून कबाइल कविता सहन करण्याजोगी होती; प्रादेशिक वैशिष्ट्य म्हणून तिचे कौतुकही करता आले असते. परंतु तिला पूर्वपरंपरा आहे, तिच्यात नामवंत कवी आहेत, तिचे संकलन आणि अर्थनिर्णय होऊ शकतो, असे म्हणताच ती ‘बोली’च्या पातळीवरून ‘साहित्या’च्या पातळीवर येते. ज्या समाजाला साहित्य आहे, त्याच्या भाषेला केवळ अपभ्रष्ट बोली ठरविता येत नाही. संहितासंपादनाचे वरकरणी निरुपद्रवी कार्य येथे ऐतिहासिक हक्काचे प्रतिपादन ठरले.

ऑगस्टमध्ये याकुरेन येथे झालेल्या चर्चासत्रात तमाझिग्तबरोबरच बोली अरबीच्याही मान्यतेची मागणी पुढे आली, ही बाब महत्त्वाची आहे. हा वाद केवळ अमाझिग विरुद्ध अरब असा नव्हता; बोलली जाणारी भाषा आणि शासनमान्य भाषा यांच्यातील अंतराचा तो प्रश्न होता. फ्रेंच कादंबरीमुळे ख्याती पावलेले कातेब यासिन बोली अरबीतील रंगभूमीकडे वळले होते, यामागेही हेच भान दिसते.

मान्यतेचा पुढील मार्ग दीर्घ आणि रक्तरंजित होता. २००१ मध्ये कबाइल प्रदेशातील उद्रेकात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तमाझिग्तला २००२ मध्ये राष्ट्रीय, तर २०१६ मध्ये अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. मामेरी १९८९ मध्येच निवर्तले होते.

तौलनिक साहित्याभ्यासासाठी या वर्षाचा बोध पद्धतीविषयीचा आहे. ‘फ्रेंच भाषक’ आणि ‘अरबी भाषक’ हे विभाग लिखित ग्रंथांवर आधारलेले असल्याने त्यांच्याबाहेरचे साहित्य तुलनेच्या कक्षेतच येत नाही. कोणत्या भाषेतील कवितेला ‘प्राचीन’ म्हणावयाचे आणि कोणतीला ‘लोकगीत’, हा निर्णय अभ्यासक वर्गीकरणाची सोय म्हणून घेतो. १९८० मध्ये त्याच निर्णयासाठी माणसे कारागृहात गेली.