झोप लागते का, भाऊ?

पानमळे, पानपिंपरी, संत्रा, कपाशी. अंजनगाव सुर्जीत पिकाच्या भावावर तासभर बोलणारा माणूस मनाचा विषय निघाला की ‘टेन्शन आहे’ एवढं म्हणून उठतो.

हे मौन मोडण्याचा एक प्रयोग याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत झाला. नाव ‘विश्राम’. गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलत, प्रशिक्षित समुपदेशक धीर देत आणि आजार गंभीर असेल तरच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं जाई. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही घटलं. डॉक्टरांची फौज न नेता हे साधलं, ही त्यातली खरी गोम.

राज्य सरकारच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आता आशाताई साधे प्रश्न विचारतात: झोप, भूक, कामात मन. ‘वेड’ हा शब्द टाळूनच.

कायद्याची नजरही बदलली आहे: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता, असंच कायदा गृहीत धरतो.

‘टेलिमानस’ हेल्पलाइनची मोफत, चोवीस तास मदत: १४४१६. मराठीतही बोलता येतं.