तेंदूचा लिलाव ग्रामसभेने स्वतः करायचा तर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिवाळा सरत आला की गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलगावांत ग्रामसभेपुढे एक प्रश्न येतो. यंदाचे तेंदूपान वनविभागाच्या लिलावात द्यायचे, की आपणच विकायचे? 2013 मध्ये गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या 18 गावांनी विदर्भ नेचर कॉन्झर्वेशन सोसायटीच्या मदतीने आपले तेंदू स्वतः विकले. पुढे शेकडो ग्रामसभा त्या वाटेने गेल्या. काहींनी चांगला पैसा मिळवला, काहींचे पैसे ठेकेदाराकडे अडकले. जिथे अडकले तिथे बहुतेक वेळा तयारी कमी पडली होती, आणि त्या कमी तयारीच्या मुळाशी काही ठरावीक गैरसमज होते.

वर्षानुवर्षे चालत आलेली व्यापारव्यवस्था सोडणे जगात कुणालाच सोपे गेलेले नाही. ब्रिटनने जून 2016 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि 31 डिसेंबर 2020 रोजी तो तिथल्या सामाईक बाजारातून प्रत्यक्ष सुटला. साडेचार वर्षे हाती होती, तरी जानेवारी 2021 मध्ये स्कॉटलंडचे मासळी व्यापारी नव्या कागदपत्रांत अडकले आणि ताजा माल वाटेत खोळंबला. आपल्या ग्रामसभांना ठरावापासून तोडाईपर्यंत जेमतेम तीन-चार महिने मिळतात. म्हणून काय बदलते आणि काय बदलत नाही, हे आधीच नीट कळलेले बरे.

“ही सरकारची सवलत आहे, उद्या काढून घेतील”

1969 च्या राज्य कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारच्या एकाधिकारात गेला. पान तोडायचे गावाने, विकायचे सरकारने, अशी रीत पडली आणि तीच कायमची असे लोकांना वाटू लागले. पण 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(ग) ने गौण वनोपजाची मालकी, ते गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क लोकांना दिला, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येत तेंदू आणि बांबू दोन्ही नावानिशी घातले. 2012 च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाकडे सोपवला.

हे कागदावरून जमिनीवर आणायला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला झगडावे लागले. सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळाला, पण 1927 च्या वन कायद्यात तेव्हा बांबू झाडांत गणला जात होता, म्हणून त्याचा वाहतूक परवाना मिळेना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक गावाच्या देवाजी तोफा यांच्या हाती दिले. तो हक्क होता आणि आहे. त्याला सवलत म्हणणे हा मेंढ्याच्या लढ्याचा अपमान आहे.

“हे फक्त पेसा गावांसाठी”

पेसा कायदा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रापुरता आहे, हे खरे. वनहक्क कायद्याला ती हद्द नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव अनुसूचित पट्ट्याबाहेरचे. 2012 मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला आणि गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. पेसा नाही म्हणून गप्प बसलेल्या गावांनी आधी आपला सामूहिक दावा कुठे अडला आहे ते पाहावे.

“ग्रामपंचायत बघून घेईल”

एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावे आणि टोले असतात. वनहक्क आणि पेसा यांतली ग्रामसभा ही त्या त्या गावाची, टोल्याची. करार तिच्या नावाने, खाते तिच्या नावाने, सही तिने नेमलेल्यांची. पैसा पंचायतीच्या खात्यात गेला तर तो कुठल्या गावाच्या किती पुड्यांचा, याचा हिशेब लावताना भांडणे लागतात. शिवाय वनहक्काच्या नियमांप्रमाणे गणपूर्तीला किमान निम्मे सभासद हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. पान तोडायला आणि पुडे बांधायला घरातल्या बाया पहाटेपासून राबतात. दर ठरताना त्या सभेत नसतील, तर तो ठराव कायद्यातही लंगडा आणि न्यायातही.

“जो जास्त भाव बोलेल त्याला पान द्यावे”

सर्वांत महागात पडलेला गैरसमज हाच.

2017 च्या हंगामात तेंदूचे भाव असे चढले की गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांच्या हाती पूर्वी कधी आली नव्हती एवढी रक्कम आली. त्याच वर्षी 1 जुलैपासून जीएसटी आला. तेंदूपानावर 18 टक्के, विडीवर 28 टक्के. पुढच्या वर्षी भाव कोसळले. आदल्या वर्षाच्या भावाची स्वप्ने बघत बसलेल्या गावांना खरेदीदार मिळेना. चढ्या भावाने करार केलेल्या काही ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले. बोललेला भाव आणि खात्यात पडलेला भाव यांत किती अंतर असते, हे त्या वर्षांनी दाखवले.

वनविभागाच्या लिलावात अनामत, हप्ते, वसुली हे सगळे कुणीतरी करत होते. गावाला ते दिसत नव्हते इतकेच. आता ते गावानेच करायचे आहे. त्यासाठी करारात काय हवे? पान तोडायच्या आधी अनामत खात्यात जमा. उरलेल्या रकमेचे हप्ते तारखेसह. मोजणी कुठल्या पुड्यांची धरायची, फळीवर, म्हणजे पान गोळा करण्याच्या जागी आलेल्या, की पोत्यात भरलेल्या? फळीवर पान वाळत असताना अवकाळी पाऊस आला तर नुकसान कुणाचे? हे शेवटचे कलम बरेच जण विसरतात आणि मे महिन्यातल्या एका वादळी संध्याकाळी त्याची आठवण होते.

गावाच्या हातात एक मोठे साधन आहे, ते म्हणजे वाहतूक परवाना. परवान्याशिवाय माल हलत नाही. पान गावाच्या हद्दीत आहे तोवर ठेकेदार ग्रामसभेच्या दारात येतो. पान गोदामात गेले की ग्रामसभेला त्याच्या दारात जावे लागते. पूर्ण पैसे येण्याआधी परवान्यावर सही करणे म्हणजे हातातली दोरी सोडून देणे.

एकेकट्या गावाने सौदा करण्यापेक्षा गावांनी एकत्र येणे शहाणपणाचे. कोरची तालुक्यातल्या गावांनी महाग्रामसभा उभी केली, ती काही उगाच नाही. एका गावाची बाब असली की ठेकेदार चालढकल करतो. साऱ्या परिसराचे पान एका करारात असेल तर त्याला ते परवडत नाही.

“मजुरी मिळाली, म्हणजे हिशेब झाला”

दुपारनंतर फळीवर गेलात तर दिसेल : डोक्यावरची ओझी उतरतात, पुडे उन्हात रांगेने मांडले जातात, ठेकेदाराचा दिवाणजी शेकड्याने मोजतो आणि कार्डावर आकडा टाकतो. आपल्याकडे एका पुड्यात 70 पाने आणि एका स्टँडर्ड बॅगेत 1000 पुडे, म्हणजे 70 हजार पाने. एका बाईने दिवसाला 200 पुडे आणले तर तिच्या हातून 14 हजार पाने गेली. पाच दिवसांत एक बॅग भरते.

त्या बॅगेच्या भावात दोन वाटे असतात : तोडाईची मजुरी आणि स्वामित्वधन, म्हणजे ज्याला सगळे रॉयल्टी म्हणतात ते. उदाहरणादाखल, भाव 8 हजार ठरला आणि मजुरी 3 हजार धरली, तर उरलेले 5 हजार ग्रामसभेचे. जुन्या पद्धतीत या दुसऱ्या वाट्यातून खर्च वजा जाऊन बोनस यायचा, तोही उशिरा. आता तो थेट गावाचा आहे. त्यातले किती कुटुंबांना वाटायचे आणि किती ग्रामसभेच्या कोषात ठेवायचे, हे हंगामाआधी ठरवावे. पैसा आल्यावर ठरवायला बसले की सभा मोडते. आणि कार्डावरचा आकडा रोज ग्रामसभेच्या वहीतही चढला पाहिजे. नुसत्या दिवाणजीच्या वहीवर विसंबू नये.

“ग्रामसभेला कर कसला?”

वनहक्काच्या नियमांनुसार गौण वनोपज गोळा करण्यावर सरकारला रॉयल्टी किंवा शुल्क द्यावे लागत नाही. पण विक्रीवरचे कर हा वेगळा विषय. आयकर कायद्यात तेंदूपान विकणाऱ्याने खरेदीदाराकडून कर गोळा करून भरायची तरतूद आहे. त्यासाठी ग्रामसभेच्या नावाने पॅन आणि टॅन काढावे लागतात. मेंढ्याने ते काढून घेतले. जीएसटीची 2017 मधली 18 टक्क्यांची पायरी सप्टेंबर 2025 मध्ये तेंदूपानासाठी 5 टक्क्यांवर आली. हा बोजा कुणी उचलायचा ते करारात एका ओळीत लिहावे आणि तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या कर सल्लागाराला सहीआधी करार दाखवावा. नोटीस आल्यावर त्याच्याकडे धावण्यात अर्थ नाही.

“आग लावली की पान चांगले येते”

आगीनंतर कोवळी फूट येते, म्हणून हा समज टिकून आहे. पण त्याच आगीत मोहाची, चाराची, बेहड्याची रोपे जळतात आणि त्या झाडांवरही हीच घरे जगतात. नवी फूट खुटकटाईनेही येते, त्याला आग लागत नाही. पाचगावाने तर फांद्यांची तोड आणि आगी नकोत म्हणून तेंदू तोडणेच थांबवले आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे जमेल असे नाही. पण ज्याची मालकी त्याचीच राखण, आणि आग लावणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाला अडवण्याचा अधिकार आता ग्रामसभेचा आहे.

“एकदा बाहेर पडलो की परतीची वाट नाही”

आहे. कुठला मार्ग घ्यायचा हे ग्रामसभा हंगामासाठी ठरावाने कळवते. यंदा हिशेब ठेवायला माणसे नसतील, भाव पडलेले असतील, तर वनविभागामार्फत लिलाव करून घ्यायला कमीपणा मानू नये. त्यामुळे मालकी जात नाही. वनविभागाशी वैर धरण्याचेही कारण नाही : सामूहिक हक्काची जमीन कायद्याने वनच आहे, इमारती लाकूड विकण्याचा हक्क वनहक्क कायद्याने दिलेला नाही आणि वणवा विझवायला दोघांनाही एकत्रच जावे लागते.

तेव्हा यंदाची सभा जानेवारीतच बोलवा, तोडाईच्या तोंडावर नको. बायांना बोलवा, दोन हिशेबनीस नेमा, करार गोंडी-माडियात सर्वांना वाचून दाखवा. आणि ठरावात हे एक वाक्य लिहून घ्या : पूर्ण रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याशिवाय वाहतूक परवान्यावर सही होणार नाही.