वीज आली की आपोआप चालणारा पंप

जासईच्या आमच्या घरी पाण्याच्या टाकीसाठी मी हौसेने एक टायमर बांधला होता. बटण दाबले की पंप पाच मिनिटे चालावा व आपोआप थांबावा, एवढेच त्याचे काम. ते तो चोख करी. पण गेलेली वीज परत आली की कोणी बटण न दाबताही पंप सुरू होई. रात्री-अपरात्री ही घरघर ऐकून आजीला निराळाच संशय येऊ लागला होता. आम्ही हसण्यावारी नेले. मग एका पावसाळ्यात वीज गेलेली असताना दादा पंपाचा अडकलेला पंखा हाताने फिरवीत होते आणि वीज आली. बोटे थोडक्यात वाचली. त्या दिवसापासून मेन स्विच काढल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, असा घरात नियम झाला, आणि मी टायमर उघडून बसलो.

कला शाखेच्या वाचकांसाठी थोडे मागे जातो. या टायमरचा जीव म्हणजे ५५५ नावाची आठ पायांची आयसी. हान्स कॅमेंझिंड या स्विस अभियंत्याने १९७१ साली तिची आखणी केली व १९७२ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीने ती बाजारात आणली. आत तीन सारखे रेझिस्टन्स मिळणाऱ्या दाबाचे तीन समान भाग करतात. दुसऱ्या पायावरील दाब एक-तृतीयांशाच्या खाली गेला की काम सुरू. बाहेरचा कंडेन्सर दोन-तृतीयांशापर्यंत भरला की बंद. माझा कंडेन्सर १००० मायक्रोफॅरडचा व रेझिस्टन्स २७० किलोओहमचा. त्यांच्या गुणाकाराला १.१ ने गुणले की २९७ सेकंद येतात.

प्रथम मी रिलेवर आळ घेतला. लॅमिंग्टन रोडवरून नवा रिले आणला, आणि खोड तशीच राहिली. मग पंप सोडवून त्याजागी दिवा लावला, दुसरा पाय तारेने थेट बारा व्होल्टला जोडला व वीज दिली. दिवा लागला नाही! म्हणजे चोर दुसऱ्या पायापाशीच होता.

तो मीच बसवलेला होता, हे सांगताना संकोच वाटतो. बटणाची तार लांब. तिच्यातून येणाऱ्या खरखरीने टायमर दचकू नये म्हणून दुसरा पाय व जमीन यांच्यामध्ये मी एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला होता. वर शंभर किलोओहमचा रेझिस्टन्स. वीज येते तेव्हा हा कंडेन्सर रिकामा असतो, आणि एक-तृतीयांश भरायला त्याला सुमारे ४० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ आयसीला वाटते की बटण दाबले आहे.

उपाय पुस्तकी होता : चौथा पाय, म्हणजे रिसेट, आरंभी काही क्षण खाली धरून ठेवायचा. तेथेही शंभर किलोओहम व एक मायक्रोफॅरड लावले. फरक शून्य! दोन दिवस डोके खाजवल्यावर उमगले की रिसेट एक-तृतीयांशाची वाट पाहत नाही, साधारण ०.७ व्होल्टलाच तो सुटतो. बारा व्होल्टवर तेथवर पोहोचायला जेमतेम ६ मिलिसेकंद लागत, आणि पुढे ३४ मिलिसेकंद दुसरा पाय खालीच. पहारेकरी चोराच्या आधी झोपी जात होता, म्हणा ना!

मग चौथ्या पायाशी ४७ मायक्रोफॅरड बसवला. पहारा पाव सेकंदाहून अधिक झाला. दुसऱ्या पायावरचा कंडेन्सर शंभरपट लहान केला, त्यामुळे तेथील काळ अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी झाला. वीज क्षणभरच गेली तर मोठा कंडेन्सर रिकामा होत नाही, म्हणून त्याच्या रेझिस्टन्सला समांतर एक डायोड जोडला. त्याचे पट्टीचे टोक धन बाजूस. हा डायोडही शेवटचा अर्धा व्होल्ट सोडायला कुरकुरतोच, म्हणून दोन्ही उपाय ठेवले.

पुढे दिवा लावूनच पंधरा दिवस पाहिले. वीज येई, दिवा विझलेलाच राही. मग पंप जोडला. आजी मात्र अजूनही रात्री वीज आली की कान देऊन ऐकते.