मोबाइलवरील गाणे आणि मोडू घातलेली ठेव

मार्चअखेरीच्या धामधुमीत मध्य कोलकात्यातील आमच्या शाखेत सत्तरी ओलांडलेले एक ग्राहक मुदत ठेव मोडण्याचा अर्ज घेऊन आले. मी त्यांना ‘काकू’ म्हणतो. बंगालीत काकू म्हणजे काका. बदली होऊन आलो तेव्हा हे संबोधन उच्चारताना जीभ अडखळत असे. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याजाचे नुकसान होते, हे सांगून मी कारण विचारले. ‘गाणे ऐकायचे आहे,’ ते म्हणाले.

काकिमा दीर्घकाळ आजारी आहेत. रात्री त्यांच्या उशाशी जागताना मोबाइलवर ख्याल ऐकणे हा काकूंचा एकमेव विरंगुळा. टॉलीगंजच्या संगीत रिसर्च अकादमीत निवृत्तीबुवा सरनाईक गुरू होते, तेव्हापासून त्यांना आपल्याकडील गायकीची ओढ आहे. मुलाने दिलेला सेनहायझर एचडी ६०० हा उत्तम हेडफोन घरी आहे. परंतु नव्या मोबाइलला हेडफोनचे गोल छिद्रच नाही. त्यांनी दोन जोडण्या विकत आणल्या. एक मुकी राहिली, दुसरीतून आवाज क्षीण येई. तेव्हा कोणीतरी टेबलावर ठेवायचा महागडा डॅक व अँप्लिफायर घेण्याचा सल्ला दिला आणि ठेवीवर गदा आली. (हा प्रसंग त्यांच्या अनुमतीनेच लिहीत आहे.)

मी अर्ज दोन दिवस थांबवण्याची विनंती केली. चौथ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असताना, आम्ही दोघे चांदनी चौकातील इलेक्ट्रॉनिक बाजारात गेलो.

मोबाइलमधील गाणे आकड्यांच्या रूपात असते. त्याचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करणाऱ्या भागास डॅक म्हणतात. काही मोबाइल हे रूपांतर आतच करून टाइप-सी छिद्रातून लहरी बाहेर देतात. तेथे साध्या तारेची जोडणी पुरते. इतर मोबाइल केवळ आकडे बाहेर पाठवतात. त्यांना डॅक असलेलीच जोडणी लागते. काकूंची पहिली जोडणी निव्वळ तारेची होती. मोबाइल निर्दोष, हेडफोन निर्दोष, तरीही शांतता!

क्षीण आवाजाचे कारण वेगळे होते. कानात घालायच्या सामान्य इअरफोनचा रोध बहुधा १६ ते ३२ ओहम असतो. या हेडफोनचा ३००. त्याला विद्युत्‌दाब अधिक लागतो. १ व्होल्टला तो सुमारे ९७ डेसिबल आवाज देतो आणि दाब दुप्पट झाला की ६ डेसिबलची भर पडते. अर्ध्या व्होल्टच्या जोडणीवर तानेचा कळस ऐकू येईल, पण मंद्र सप्तकातील आलापी व तंबोऱ्याची जव्हारी हाती लागणार नाही. म्हणून २ व्होल्ट देणारा, बोटाएवढा डॅक पाहावा असे ठरले. खोक्यावर ३२ ओहमचे मिलिवॅट मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. ते आकडे आपल्या कामाचे नव्हते. ३०० ओहमला किती व्होल्ट मिळतात, एवढेच विचारायचे होते.

दुकानदार सज्जन होता. त्याने तो छोटा डॅक आणि मोठा अँप्लिफायर असे दोन्ही जोडून दिले. प्रथम मोठ्याचा आवाज सरस वाटला. मात्र जरा मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो. दोन्हींचा आवाज समान केल्यावर, उल्हास कशाळकरांचे तेच ध्वनिमुद्रण काकूंनी डोळे मिटून तीनदा ऐकले. मग हेडफोन काढून ते हसले. फरक सांगता येईना. बोटाएवढा डॅक चार हजारांच्या आत आला.

माझे मत असे की, चांगला हेडफोन नसेल तर सर्व पैसे आधी तेथेच घालावेत. ब्लूटूथ हेडफोन घेणाऱ्यास तर वेगळा डॅक निरुपयोगीच, कारण त्याचा डॅक हेडफोनच्या पोटातच असतो. आणि मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही ते कोणतेही यंत्र आणून देत नाही. १९०२ साली याच कोलकात्यात गौहर जान भोंग्यासमोर गायल्या. त्या मुद्रणातून तंबोऱ्याची जव्हारी आज कितीही खर्च केला तरी उमटणार नाही.

वाढीव शक्तीबरोबर एक इशाराही मी दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबलला ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. रात्र रात्र ऐकणाऱ्या काकूंना हे सांगणे भागच होते.

हा हेडफोन उघड्या पाठीचा असल्याने आवाज बाहेर झिरपतो. काकिमांची झोपमोड होईल, पुढेमागे बंद पाठीचा घ्यावा, असे मी सुचवले. काकूंनी मान हलवली. तो झिरपणारा आवाज ऐकत असतानाच काकिमांना झोप लागते, असे ते म्हणाले. सोमवारी येऊन त्यांनी ठेवीचा अर्ज परत नेला.