खाऱ्या पाण्यातला मासा आजारी पडला तर...

शेगाव खारपाणपट्ट्यात असले तरी आपल्या विहिरीचे खारे पाणी म्हणजे समुद्र नव्हे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेही ठराविक प्रमाणात. म्हणून समुद्री माशांच्या टाकीत विहिरीचे पाणी ओतू नये, असे आम्ही सांगतो. मासा दगडाला अंग घासतो, धापा टाकतो, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात? आधी पाण्यातला अमोनिया तपासा; निघाल्यास थोडे पाणी बदला. ठिपके राहिले तर रोग बहुधा परजीवीचा. सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवा आणि तांब्याचे औषध मोजूनच द्या. मूळ टाकीत ते टाकल्यास कोळंबी, प्रवाळ मरतात. ती टाकी सुमारे ७६ दिवस माशांविना ठेवा. परजीवी उपाशी मरतो. पोरांचा जीव त्या माशांत गुंतलेला असतो; अंदाजाने औषध नको.