सही न करणारा संचालक

गोरिझिया हे इटलीचे सीमेवरचे गाव. मनोरुग्णालय तर इतके कडेला, की आवाराच्या भिंतीपलीकडे तेव्हाचा युगोस्लाव्हिया. १९६१ साली तिथे नवे संचालक रुजू झाले. रात्री कोणाकोणाला खाटेला बांधले होते त्याची वही मुख्य परिचारकाने रिवाजाप्रमाणे त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवली. फ्रांको बाझालिया यांनी सही केली नाही.

बाझालिया व्हेनिसचे, जन्म १९२४ चा. फॅसिस्टविरोधी कारवायांमुळे विद्यार्थिदशेतच तुरुंगाची हवा खाऊन आलेले. पादुआ विद्यापीठात बारा-तेरा वर्षे काढली, पण हुसर्ल आणि सार्त्र हे तत्त्वज्ञ वाचणारा हा मानसोपचारतज्ज्ञ तिथल्या वरिष्ठांच्या पचनी पडला नाही. गोरिझियाची नेमणूक म्हणजे सन्मानाने केलेली हद्दपारीच होती. त्या इस्पितळात पाऊल टाकताच त्यांना तुरुंगातला तो जुना वास आठवला.

तुलना वावगी नव्हती. इटलीत तेव्हा १९०४ चा कायदा लागू होता. स्वतःला वा इतरांना धोकादायक ठरलेल्या माणसाला कोंडायचे आणि त्याची नोंद थेट गुन्हेगारी दप्तरात करायची! आजाराचे काय करायचे ते नंतर. बाझालियांनी आजार नाकारला, असे त्यांचे विरोधक आजही म्हणतात. ते खरे नाही. वर्षानुवर्षे कोंडलेल्या माणसात दिसणारे आजाराचे किती आणि कोंडण्याचे किती, हे कुलूप काढल्याशिवाय कळणार कसे, एवढाच त्यांचा सवाल होता.

मग कुलपे निघाली. बांधणे थांबले, विजेचे झटके बंद झाले, डॉक्टरांचे पांढरे कोट खुंटीवर गेले. रोज सकाळी सभा भरे. तिथे रुग्ण भांडत, तक्रारी करत, मध्येच उठून जात. या प्रयोगावरचे ‘नाकारलेली संस्था’ हे पुस्तक १९६८ साली आले आणि खूप खपले. त्याच वर्षी एका दिवसाच्या रजेवर घरी गेलेल्या रुग्णाने पत्नीचा खून केला. खटल्यात बाझालिया निर्दोष सुटले, पण पुन्हा असे काही घडेल या भीतीने पुढे आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही.

१९७१ मध्ये ते संचालक म्हणून त्रिएस्ते शहरात आले. सान जोव्हान्नी इस्पितळात तेव्हा सुमारे १,२०० रुग्ण होते. तिथली धुण्याच्या कपड्यांची गाडी ओढणारा मार्को नावाचा घोडा म्हातारा झाला आणि त्याची रवानगी कत्तलखान्यात होणार असे ठरले. रुग्णांनी घोड्याच्याच नावाने अर्ज लिहून त्याचा जीव वाचवला. १९७३ च्या सुरुवातीला रुग्ण आणि कलावंतांनी मिळून लाकूड व कागदाच्या लगद्याचा प्रचंड निळा घोडा केला. मिरवणूक निघाली तर तो फाटकातून मावेना. शेवटी फाटकच फोडावे लागले.

छायाचित्रांत हा घोडाच दिसतो. मात्र त्याच्याआधीचे एक काम जास्त मोलाचे वाटते. झाडलोट, धुणे, स्वयंपाक ही कामे ‘उपचार’ म्हणून फुकट करणाऱ्या रुग्णांची १९७२ मध्ये सहकारी संस्था झाली आणि त्यांना रीतसर पगार सुरू झाला. शहरात चोवीस तास उघडी राहणारी मानसिक आरोग्य केंद्रे निघाली, बाहेर पडणाऱ्यांसाठी घरे शोधली गेली. घर, पगार, दारात येणारी नर्स: यात मिरवण्यासारखे काही नसते, पण त्रिएस्ते टिकले ते यामुळेच.

१३ मे १९७८ रोजी इटलीच्या संसदेने १८० क्रमांकाचा कायदा केला. मनोरुग्णालयात नवी भरती बंद. तीव्र रुग्णांसाठी सर्वसाधारण रुग्णालयात जास्तीत जास्त पंधरा खाटांचा कक्ष. सक्तीच्या उपचारांना महापौरांचा हुकूम आणि न्यायाधीशाची देखरेख. लोक त्याला ‘बाझालिया कायदा’ म्हणतात. मसुदा मात्र त्यांचा नव्हता आणि १९०४ च्या कायद्यावर होऊ घातलेले सार्वमत टाळण्यासाठी घाईने केलेल्या या तडजोडीवर ते पूर्ण खूशही नव्हते.

त्यांची नाखुशी सार्थ ठरली. कायदा देशभर लागू झाला, केंद्रे मात्र सगळीकडे उभी राहिली नाहीत, विशेषतः दक्षिणेत. तिथे घरी परतलेल्या रुग्णाचा भार आई, बहीण, बायको यांच्यावर पडला. कुटुंबांचा संताप रास्त होता आणि बाझालियाभक्त तो अनेकदा ऐकून घेत नाहीत. याचे उत्तर द्यायला बाझालिया उरले नव्हते. मेंदूतल्या गाठीने ऑगस्ट १९८० मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते गेले.

त्यांचे काम पत्नी फ्रांका ओंगारो बाझालिया यांनी पुढे नेले. त्या केवळ पत्नी नव्हत्या. लेखनात बरोबरीच्या भागीदार होत्या आणि समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनचे मनोरुग्णालयांवरचे पुस्तक ‘असायलम्स’ त्यांनीच इटालियनमध्ये आणले होते. १९८३ साली त्या सिनेटवर निवडून गेल्या आणि १८० चा कायदा अमलात यावा म्हणून तिथे झगडत राहिल्या. गुन्हेगार मनोरुग्णांची इस्पितळे या कायद्यातून सुटली होती. त्यांना टाळे लावण्याचा निर्णय अमलात यायला २०१५ साल उजाडले.