लिलबर्नने शपथ नाकारली

इंग्लंडच्या लोकशाहीचे गोडवे गाणारे आपले विद्वान मॅग्ना कार्टावरून उडी मारतात ते थेट आजच्या संसदेत उतरतात. मधले सतरावे शतक त्यांना अडचणीचे वाटते. राजा पहिला चार्ल्स हाच चर्चचा प्रमुख, म्हणून बिशपाला विरोध हा राजाला विरोध, असा तो काळ. १६३७ मध्ये एक वकील, एक डॉक्टर आणि एक पाद्री, तिघांचे कान भरचौकात कापले गेले. गुन्हा एकच, बिशपांविरुद्ध लिखाण.

या धर्मसत्तेचे खरे हत्यार मात्र सुरी नव्हते, शपथ होती. आरोप काय, फिर्यादी कोण, हे सांगण्याआधीच विचारू त्याचे खरे उत्तर देईन अशी देवाची शपथ घ्यायची. खरे बोलावे तर तुरुंग, खोटे बोलावे तर नरक आणि गप्प बसावे तर कोर्टाचा अवमान. श्रद्धाळू माणसाचा गळा त्याच्याच श्रद्धेने आवळायचा! आपल्याकडच्या भटशाहीलाही हेवा वाटावा अशी ही युक्ती.

लंडनच्या एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारी केलेल्या जॉन लिलबर्न या तरुणाने ती हाणून पाडली. बिशपविरोधी पुस्तके हॉलंडहून आणल्याचा त्याच्यावर आरोप होता. स्टार चेंबर कोर्टात त्याने शपथ घ्यायलाच नकार दिला. ५०० पौंड दंड झाला. एप्रिल १६३८ मध्ये गाडीच्या मागे बांधून, फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत चाबकाने फोडत नेले. तिथे खोड्यात अडकवले तरी तो जमलेल्या लोकांशी बोलतच राहिला, म्हणून तोंडात बोळा कोंबला. १६४० मध्ये तो सुटला, तो ऑलिव्हर क्रॉमवेलने संसदेत त्याची बाजू मांडल्यावर. पुढच्याच वर्षी संसदेने स्टार चेंबर बरखास्त केले आणि धर्मकोर्टांची ती शपथही बंद केली.

आपल्या संविधानाचे कलम २०(३) सांगते की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी या हक्काचे मूळ सांगताना लिलबर्नचेच नाव घेतले आहे. १९७८ च्या नंदिनी सत्पथी निकालाने हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीपर्यंत नेले. मोर्चानंतर चौकीत बसवलेल्या आपल्या पोरांना हे कुणी सांगत नाही, ते आपणच सांगायचे. संविधान उसनवारीचे आहे अशी कुजबुज करणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजीच उत्तर दिले होते: राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांचे पेटंट कुणाकडे नसते. या कल्पनेची किंमत तर पाठीच्या सालट्यांनी मोजली गेली होती.

पुढचा भाग चळवळीने जास्त लक्षपूर्वक वाचावा. राजाचा शिरच्छेद होऊन सत्ता क्रॉमवेलच्या बाजूला आली आणि त्याच लिलबर्नवर १६४९ मध्ये राजद्रोहाचा खटला भरला गेला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. १६५३ मध्ये पुन्हा खटला, पुन्हा निर्दोष, पण या वेळी सरकारने सोडलेच नाही. बिशपांचा छळ सोसलेल्यांच्या संसदेने १६५६ मध्ये जेम्स नेलर या क्वेकर पंथीयाची जीभ तापल्या सळईने भोसकण्याची शिक्षा दिली. लिलबर्न तोवर त्याच क्वेकर पंथात गेला होता. १६५७ मध्ये तो वारला तेव्हा तात्पुरत्या सुटीवर बाहेर होता. कागदोपत्री क्रॉमवेलचा कैदीच होता.